कोविड बॅचच्या आईबापांच्या वतीने

२०२० साली पदवी घेतलेली मुलं आता पंचविशी ओलांडून गेली, तरी गुणपत्रिकेवरचं ते साल दिसलं की समोरच्याच्या कपाळाला अजून आठी पडते. माझा भाचा बी.एस्सी. झालेला, विषय रसायनशास्त्र. घर दापोली तालुक्यात, गाठीशी कामाचा चांगला अनुभव. तरीही लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी बदलायला गेला तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी पहिलं काय विचारलं, तर "म्हणजे कोविड बॅच ना? परीक्षा न देता पास झालेले?" त्याने परीक्षा दिली होती. तसं सांगूनही फारसा उपयोग झाला नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून वाद पेटला. पुण्यातले आमचे एक नातेवाईक नोकरभरतीचंच काम करतात. त्यांनी स्पष्ट लिहिलं की त्या दोन वर्षांतली मुलं घ्यायला कंपन्या कचरतात, आणि त्यात कंपन्यांचं काही चुकत नाही.

मला हे अजिबात मान्य नाही. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. माझ्या लेकीचं पदवीचं शेवटचं वर्षही नेमकं तेच होतं. त्यामुळे इथलं माझं घर आणि तिकडचं धाकट्या बहिणीचं घर, दोन्हीकडे काय चाललंय ते मी रोज पाहत होते. ज्याला लोक 'फुकटची पदवी' म्हणतात, तिची किंमत या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी कशी चुकती केली, ते मला ठाऊक आहे.

आधी तिकडचं सांगते, कारण लोक विसरले आहेत. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. ३१ मे रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं की अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आधीच्या सत्रांच्या सरासरीवर उत्तीर्ण करू, ज्यांना गुण वाढवायचे असतील त्यांना नंतर परीक्षा देता येईल. राज्यपाल आणि कुलपती भगतसिंह कोश्यारी यांनी हरकत घेतली. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाचा आदेश आला की सप्टेंबरअखेर अंतिम परीक्षा झाल्याच पाहिजेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल लागला: आपत्तीच्या कारणाने राज्याला परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. शेवटी परीक्षा झाल्या त्या ऑक्टोबरात. मुंबई विद्यापीठाने पन्नास गुणांचा, तासाभराचा, पर्याय निवडायचा पेपर ऑनलाइन घेतला.

म्हणजे मार्च ते ऑक्टोबर, अभ्यासाची वही मिटायची की उघडी ठेवायची, हे त्या मुलाला कुणी सांगू शकत नव्हतं. आणि मधल्या काळात त्याचं घर कसं होतं? मुख्यमंत्र्यांच्या घोषणेनंतर तिसऱ्याच दिवशी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दापोलीच्या किनाऱ्यावर आदळलं. बहिणीच्या पडवीचे पत्रे गेले, माडांचे शेंडे मोडले, पोफळीची बाग आडवी झाली. वीज कित्येक आठवडे आली नाही. मेव्हण्यांच्या टेम्पोच्या बॅटरीला वायर जोडून मोबाइल चार्ज करायचे, आणि त्यातही आधी मुलाचा, मग बाकीच्यांचा. आदेश, स्थगिती, सुनावणी या सगळ्या बातम्या त्या एका चार्ज केलेल्या फोनवर, रेंज मिळाली तर, येत होत्या. बहीण मला म्हणायची, "ताई, परीक्षा होऊ दे नाहीतर न होऊ दे, पण एकदाचं काय ते सांगा म्हणावं. पोरगं रात्री झोपत नाही."

मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांवर त्या वेळी चर्चा रंगली होती ती पदवीच्या प्रतिष्ठेवर. परीक्षा नाही घेतली तर पदवीला अर्थ काय, एवढंच. कणकवली तालुक्यातली पशुवैद्यकीय शिकणारी एक मुलगी नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करते, अशी बातमी आली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. कौतुक योग्यच होतं. पण एका विद्यार्थिनीला पावसात डोंगरावर बसावं लागतं आणि तिचे भाऊ तिला झोपडी उभी करून देतात, तेव्हा शिक्षण पोचवण्याचं सरकारचं काम त्या कुटुंबाने आपल्या डोक्यावर घेतलेलं असतं. ते मात्र कुणी म्हटलं नाही.

आता इथलं. मार्चच्या मध्यावर लेकीच्या विद्यापीठाने वर्ग ऑनलाइन केले, ती सामान भरून घरी आली. तिचा विषय जैववैद्यकशास्त्र. प्रयोगशाळेला कुलूप लागलं, तेव्हा हाताशी असलेल्या अर्ध्यामुर्ध्या निष्कर्षांवर प्रबंध लिहायचा होता. एप्रिलमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. त्यातला नियम ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांनी त्या वसंतात थोड्याफार फरकाने स्वीकारला होता. महासाथीआधी तुझी जी सरासरी होती, तिच्याखाली तुझा निकाल जाणार नाही. परीक्षा द्यायची आहेच, पण तिने गुण वाढले तर वाढतील, कमी होणार नाहीत. बस, इतकंच.

या एका पत्राने घर बदललं. लेक परीक्षेला बसली, मनापासून बसली, पण जीव टांगणीला लावून नव्हे. पेपर चोवीस तासांचे होते, पुस्तकं उघडी ठेवून लिहायचे. सकाळी नऊला प्रश्नपत्रिका उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या आत उत्तरं पाठवायची. दोन-तीन तासांत होईल असं लिहिलेलं असायचं, मुलं अर्थातच रात्रभर जागायची. घरात टेबल एकच, जेवणाचं. आम्ही आठवडाभर स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून जेवलो. नवरा गोदामातली रात्रपाळी करून सकाळी यायचा तो मागच्या दाराने, बूट हातात घेऊन. पहाटे दोनला मी तिला वरणभात दिला आणि म्हटलं, आता तीन तास झोप, मी उठवते. तिच्या विषयातलं मला काही कळत नाही. माझ्याकडून होण्यासारखं होतं ते एवढंच, आणि तिला त्याचीच गरज होती.

दापोलीत याच गोष्टीला केवढं स्वरूप आलं पाहा. भाच्याचं रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक फोनवर तोंडी प्रश्न विचारून झालं. लेखी पेपराच्या दिवशी बाप-लेक पहाटे टेम्पोने दापोली शहरात एका ओळखीच्यांच्या घरी गेले. मुलगा आत मोबाइलवर पेपर देत होता आणि मेव्हणे ओट्यावर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉट चालू करून तासभर हातात धरून उभे, एक गेलं तर दुसरं असावं म्हणून. त्याच महिन्यात मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या परीक्षेत यंत्रणा कोलमडली, पेपर पुढे ढकलावे लागले. विद्यापीठाने सायबर हल्ल्याचं कारण सांगितलं. तासाभराच्या पेपरात रेंज गेली असती तर भाच्याचं काय झालं असतं, हा विचार मेव्हण्यांनी त्या दिवशी बोलून दाखवला नाही. नंतर कधीतरी बहिणीजवळ बोलले.

पुण्याच्या नातेवाइकांना मी विचारलं, की हीच का ती परीक्षा न देता मिळालेली पदवी?

परदेशातलं ते सगळं चांगलं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. याच देशात त्याच वर्षी बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षा रद्द करून गणिती सूत्राने गुण ठरवले. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा इंग्लंडमध्ये शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आणलेल्या होत्या. शाळेचे मागचे निकाल सूत्रात धरल्यामुळे साध्या वस्तीतल्या शाळेतली हुशार मुलं मार खाऊन गेली. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली. आमच्या लेस्टरने तर आणखी वेगळं पाहिलं. जूनअखेर देशातली पहिली स्थानिक टाळेबंदी इथे लागली. ४ जुलैला बाकीचं इंग्लंड उघडलं आणि आम्ही आतच. लेकीचा निकाल आला तेव्हा शेजारच्या काकूंना पेढा द्यायचा तर तो डबीत घालून कुंपणावर ठेवावा लागला.

आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीला इथल्या विद्यापीठांनी वाऱ्यावर सोडलं, हे मी जबाबदारीने म्हणते. २०२० च्या शरद ऋतूत मुलांना वसतिगृहात बोलावून घेतलं, भाडं घेतलं, आणि साथ पसरताच त्याच खोल्यांत कोंडलं. मँचेस्टर विद्यापीठाने नोव्हेंबरात फॅलोफिल्डच्या वसतिगृहांभोवती कुंपण घातलं, ते मुलांनी उखडून टाकलं. जानेवारी २०२१ मध्ये रसेल ग्रुपच्या, म्हणजे इथल्या नामवंत संशोधनप्रधान विद्यापीठांच्या गटातल्या, विद्यापीठांनी सांगितलं की या वर्षी ती सरासरीची हमी देणार नाही. ज्यांचं संपूर्ण वर्ष महासाथीत गेलं त्यांनाच आधार नाकारला. बहुतेक अभ्यासक्रमांच्या मुलांना वर्गात परतायची मुभा मिळाली ती १७ मे २०२१ ला, तोवर तासच संपले होते. वर्षाची ९,२५० पौंड फी मात्र पूर्ण. आमच्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीचा मुलगा त्या तुकडीतला. रिकाम्या खोलीचं भाडं ती महिनोन्‌महिने भरत होती. मुलगा फोनवर नीट बोलेना म्हणून तिने काळजीपोटी विद्यापीठाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, विद्यार्थी अठरा वर्षांवरचा आहे, त्याच्याबद्दल आम्ही पालकांशी बोलू शकत नाही.

मुलांच्या खाजगीपणाचा मान राखावा, हे मला पटतं. पण संकटात पालकांनी पैसे भरायचे, मुलाला घरी आणून सांभाळायचं, आणि विचारायला मात्र जागा नाही, हे न्यायाचं नाही. तिकडे याच्या बरोब्बर उलट. भाच्याच्या वतीने मेव्हणेच प्राचार्यांना भेटत होते, मेव्हणेच अर्ज भरत होते, आणि वीस वर्षांच्या मुलाला तुझं मत काय, असं कुणी विचारलं नाही. मला वाटतं, त्या वयाच्या मुलांना आईबाप हवे असतात ते पाठीशी. पुढ्यात उभे राहिले तरी अडचण, आणि विद्यापीठाने दाराबाहेर ठेवले तरी अडचण.

आता पुन्हा गुणवत्तेकडे येते, कारण आठी तिथेच पडते. २०२० च्या उन्हाळ्यात इथे नोकऱ्यांचे देकार मागे घेतले जात होते. त्याच वेळी कोविडच्या चाचण्यांसाठी उभ्या केलेल्या लाइटहाउस प्रयोगशाळांनी जीवशास्त्राच्या ताज्या पदवीधरांची मोठी भरती केली. माझी लेक मिल्टन कीन्सच्या प्रयोगशाळेत लागली. रात्रपाळीत नमुने तपासणारी तिच्या आजूबाजूची बरीच मुलं त्याच वर्षी पास झालेली. पदवीदान समारंभही न झालेली ही मुलं. देशाने त्यांच्या निदानावर विश्वास ठेवला. आणि भारतात? ऑगस्ट २०२१ मध्ये मदुराईत एका बँकेच्या मुलाखतींच्या जाहिरातीत छापून आलं की २०२१ ला उत्तीर्ण झालेले पात्र नाहीत. गदारोळ झाल्यावर बँकेने ती छपाईतली चूक होती म्हणून दुरुस्ती केली. महाराष्ट्रात कृषी पदवीच्या काही गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असं छापलं गेलं होतं. कागदावरचा शिक्का बदलता येतो. लोकांच्या मनातला तसाच राहिला, आणि तो माझ्या भाच्याला इतक्या वर्षांनी लोट्यात भेटला.

नोकरी देणाऱ्यांना माझी विनंती साधी आहे. मुलाला समोर बसवा, विषयातले प्रश्न विचारा, हवं तर प्रयोगशाळेत उभं करून काम करून बघा. साल बघून ठरवू नका. ज्या मुलाने वादळ, अंधार आणि रोज बदलणारे आदेश यांत सात महिने पुस्तक हातात धरून ठेवलं, त्याच्याकडे चिकाटी आहे की नाही हे विचारायची गरज पडू नये.

विद्यापीठांना मात्र विनंती पुरत नाही, त्यांनी नियम केला पाहिजे. आधीच्या सत्रांच्या सरासरीचा आधार आणि त्यावर परीक्षेची संधी, हा मार्ग ३१ मेच्या घोषणेत बीजरूपाने होताच. आयोगाला परीक्षा हवी होती, सरकारला सरासरी हवी होती, आणि दोन्ही एकत्र बसू शकत होतं. ते जमलं नाही, कारण संकट आल्यावर सगळे नियम लिहायला बसले, आणि लिहिताना एकमेकांशी भांडत होते. परीक्षेच्या नियमावलीत आजच एक कलम घाला: आपत्ती जाहीर झाली की इतक्या दिवसांत निर्णय कळवला जाईल, आधी मिळवलेली सरासरी सुरक्षित राहील, परीक्षा देता येईल, आणि ज्याच्याकडे वीज-रेंज नाही त्याला जवळचं केंद्र मिळेल.

यासाठी पुढच्या महासाथीची वाट पाहायला नको. निसर्गनंतर वर्षभराने, जुलै २०२१ मध्ये, चिपळूण पाण्यात गेलं. त्या आठवड्यात जेईई मेन होती. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि पालघर या जिल्ह्यांतल्या ज्या मुलांना केंद्रावर पोचता येणार नाही त्यांना पुन्हा संधी देऊ, असं केंद्रीय शिक्षणमंत्र्यांनी लगेच जाहीर केलं. पाणी ओसरायच्या आत आईबापांना ते कळलं होतं. एका प्रवेशपरीक्षेसाठी हे जमलं, तर पदवीच्या शेवटच्या वर्षासाठी का जमू नये, याचं उत्तर मुंबई, पुणे आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांनी द्यावं.