चौकोनाला चार बाजू असतात

मध्यंतरी एका सकाळी मी माझ्याच बाथरूममध्ये पाऊण तास अडकून पडलो आणि माझी सुटका माझ्या सासऱ्यांनी केली, असं आता घरात अधिकृतपणे धरून चाललेत. माझी बाजू कुणी विचारली नाही. म्हणून ती लिहून ठेवतोय.

दाराची मूठ गेलं दीड वर्ष मान टाकून होती. मुठीच्या पोटात स्प्रिंग असते, ती दमली की मूठ दाबल्यावर पुन्हा वर येत नाही, रुसलेल्या पोरासारखी खाली बघत राहते. आम्ही तिच्याशी जुळवून घेतलं होतं. आधी मूठ जरा वर उचलायची, दार आपल्याकडे ओढायचं, मग हलकेच खाली दाबायचं. सगळ्यांच्या हाताला ते वळण पडलं होतं. पाहुणा आला की टॉवेल देतानाच त्याला हे शिकवायचं. 'बदलायला हवी' हे वाक्य आठवड्यातून एकदा कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे माना डोलवायचे. तेवढ्यावर आमचं समाधान होतं.

या मुठीच्या गळ्याखाली एक बिनडोक्याचा स्क्रू असतो. शिवी नाही ही, त्याला खरंच डोकं नसतं. सहाकोनी खड्डा असतो, त्यात एलन की घालून तो आवळायचा. मूठ आणि तिच्यातून आरपार जाणारी चौकोनी सळई यांना धरून ठेवणारा संसारातला तो एकमेव माणूस. आमचा कधी गळून पडला आणि कुठल्या आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून गेला, देव जाणे.

तर त्या सकाळी आंघोळ झाली, टॉवेल गुंडाळला, मूठ उचलली, ओढली, आणि ती हातात आली. नुसती मूठ. सळई दारातच राहिली होती, तिचं टोक दिसत होतं. चिमटीत धरून फिरवावी की निसटत्या पकडीने ओढावी, असा विचार करत होतो, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"जावईबापू, काही पडलं का?"

आमचे अण्णा. चार दिवस राहायला आलेले. बायको सकाळीच कामाला गेलेली. घरात आम्ही दोघंच, आणि आमच्यामध्ये एक दार.

"नाही अण्णा, मूठ हातात आली."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"बरं बरं. लागलं नाही ना? थांबा, मी बघतो."

'मी बघतो' हे दोन शब्द ऐकले की मी एरवीही घाबरतो. अण्णांनी बाहेरची मूठ धरली आणि आपल्याकडे ओढली. सर्र असा आवाज झाला. माझ्या डोळ्यांसमोर सळईचं टोक दारात शिरलं आणि नाहीसं झालं.

"माझ्याही हातात आली," अण्णा म्हणाले. दोघांनाही बक्षीस लागल्यासारखा सूर होता.

सळई नसली की दाराच्या कुलपाला काहीच कळत नाही. खटक्याची जीभ चौकटीत शिरून बसलेली असते, आणि ती मागे घ्यायला मधल्या चौकोनी भोकात काहीतरी फिरावं लागतं. मी टूथब्रशचं शेपूट घालून पाहिलं. ते गोल. आत आनंदाने गरगर फिरलं. कंगव्याचा दांडा घातला, तो अर्धा आतच राहिला. नखाने तो उकरून काढण्यात पाच मिनिटं गेली. मग वाकून भोकाला डोळा लावला, तर पलीकडून अण्णांनीही लावलेला. आठ मिलिमीटरच्या भोकातून सासरा आणि जावई एकमेकांकडे बघत होते.

"दिसताय," अण्णा म्हणाले.

मी टॉवेल वर ओढून घेतला.

आता, माझा राग कशावर आहे ते नीट सांगतो. अण्णांच्या हातात मूठही होती आणि सळईही. पुन्हा आत घालायची, मूठ दाबायची, दार उघडतं. तीन सेकंदांचं काम. पण अण्णांनी उभा जन्म हिशेबतपासणीत काढला. समोर आलेला कुठलाही कागद त्यांनी तीन सेकंदांत हातावेगळा केलेला नाही, मग सळई कशी करतील?

"अण्णा, ती सळई होती तशी आत घाला आणि मूठ दाबा."

"कुठली बाजू आत घालू?"

"कुठलीही. चौकोनी आहे ती."

थोडा वेळ शांतता. मग सावकाश, समजुतीच्या स्वरात उत्तर आलं, "चौकोनाला चार बाजू असतात, जावईबापू."

"चारही सारख्याच असतात, अण्णा."

"तुम्ही मोजल्यात?"

मी मोजल्या नव्हत्या. कुणीच मोजत नाही. पण उघड्या अंगाने ओल्या फरशीवर उभं राहून वडीलधाऱ्या माणसाला हे कुठल्या आवाजात सांगायचं? जावयाला दहावा ग्रह म्हणतात. पण ग्रहाला कुणी टॉवेलवर उभं करून उलटतपासणीत घेत नाही.

अण्णा मेजपट्टी आणायला गेले. ती कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून परत येऊन मला विचारलं. मी सांगितलं. ते गेले, ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. नंतर कळलं, ड्रॉवरमधले स्क्रू आकारानुसार वेगळे लावत होते. 'पसारा बघवत नाही हो.'

परत आले. "आठ," आतून मला ऐकू आलं. "आठ. आठ." मग थांबले. "तीन बाजू आठ भरल्या. चौथी मोजतो."

"अण्णा, चौथी आठच असणार!"

"असणारच. पण मोजल्याशिवाय कसं लिहायचं?"

लिहायचं कुठे होतं, हा प्रश्न मी गिळला.

चौथीही आठ भरली. आता घालतील, असं मला वाटलं. पण अण्णांनी मुलीला फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे मलाही ऐकता यावं म्हणून. सौजन्यात कुठे कमी नाही.

"अगं, जावईबापू अडकलेत."

"कुठे?"

"ते फोनवर सांगण्यासारखं नाही."

माझी बायको ज्या आवाजात 'म्हणजे काय?' म्हणाली, त्यावरून तिला क्षणभर पोलीस चौकी दिसली असावी. मी आतून ओरडलो, "बाथरूममध्ये!" त्यावर ती हसली. मिनिटभर हसली. मग वडिलांना म्हणाली, "अण्णा, घाई करू नका, हं." घाई!

फोन ठेवल्यावर अण्णांना सळईवर गंज दिसला. गंजकी वस्तू पुन्हा बसवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यांनी सळई मुठीतून उपसून काढली, फडक्याने पुसली आणि नुसती सळई, मुठीशिवाय, दाराच्या भोकात सरकवली. जरा जोरानेच. ती बाहेरून आत आली, माझ्या बाजूने निघाली आणि डबकन बादलीत पडली.

बाहेर शांतता.

"गेली," अण्णा हळूच म्हणाले.

मी बादलीत हात घातला, सळई काढली, भोकात बसवली, तिच्यावर माझ्याकडची मूठ चढवली, दाबली. दार उघडलं. समोर अण्णा, एका हातात मेजपट्टी, दुसऱ्या हातात फडकं, सत्काराला उभं राहावं तसे.

"निघालात ना?" ते म्हणाले. "म्हटलं, तुमच्या बाजूने दिलेली बरी."

हे वाक्य लक्षात ठेवा. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या नातेवाइकांत पोचलं. अण्णांनी शांत डोक्याने विचार केला आणि सळई आत पोचवली. आणि मी काय केलं? मी आत होतो. गोष्टीत माझं काम एवढंच.

मूठ बदलायची, हे त्याच दुपारी ठरलं. अण्णांचं मत पडलं की या वेळी गोल मूठ घ्यावी, चौकोनाची भानगडच नको. गोल मुठीतही सळई चौकोनीच असते, हे मी सांगितलं. शिवाय साबणाच्या हाताने गोल मूठ फिरत नाही, म्हाताऱ्या आणि दुखऱ्या मनगटाचे तर हालच. कॅनडात व्हॅन्कूव्हर शहराने तर २०१४ पासून नव्या घरांना गोल मुठी लावायच्याच नाहीत असा नियम केलाय, हेही ऐकवलं. अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "पण आपण जुन्या घरात राहतो ना?"

मी आडवीच मागवली. खोक्यावर छापलं होतं, सर्व प्रकारच्या दारांसाठी. हे छापणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. मुठीची पट्टी दारावर धरली, सळईचं भोक सळईवर बरोबर बसलं आणि किल्लीचं भोक लाकडावर आलं. सळईच्या मध्यापासून किल्लीच्या मध्यापर्यंतचं अंतर आमच्या कुलपात ७२ मिलिमीटर, नव्या पट्टीत ८५. दोन्ही मापं बाजारात राजरोस चालतात. दोन्ही मुठी दिसायला जुळ्या बहिणी. ज्या दारावर बसवायच्या तेही तेच लाकूड. मग तेरा मिलिमीटरचा हा फरक कुणाच्या सोयीसाठी? विकणाऱ्यांचं म्हणणं, कुलूपही नवं घ्या. नव्या कुलपाची पेटी मोठी, म्हणजे दाराची खाच छिन्नीने वाढवा. वाढवलेल्या खाचेने दार कमजोर, म्हणजे दार बदला. हरवला होता एक बिनडोक्याचा स्क्रू, नखाएवढा. तो सुटा मिळत असेलही, मला मिळाला नाही. मला प्रत्येकाने अख्खा सेटच पुढे केला. ही गोष्ट मला हसण्यावारी नेता येत नाही. दीड वर्ष मी आळशीपणा केला हे कबूल, पण हौसेने दुरुस्त करायला निघालेल्या माणसाला तरी कुठे सुखाने करू देतात?

तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइनने व्हिएन्नात बहिणीचं घर बांधायला घेतलं होतं, ते १९२८ मध्ये पुरं झालं. दारांच्या मुठीही त्याने स्वतः आखल्या. घर झाडूनपुसून घ्यायची वेळ आली तेव्हा एका दालनाचं छत तीन सेंटिमीटर वर घ्यायला लावलं. त्याच्या दुसऱ्या बहिणीने एक आठवण लिहून ठेवलीय. कुलूप बसवणाऱ्या कारागिराने त्याला विचारलं, एखाद्या मिलिमीटरचं खरंच एवढं काय अडतं? त्यावर तो 'हो' असा गरजला की बिचारा कारागीर दचकला. हे पूर्वी वाचलं तेव्हा मला तो माणूस तऱ्हेवाईक वाटला होता. आता त्याच्या बाजूने गरजायला मी तयार आहे. फक्त एक सांगतो, विट्गेनस्टाइनने लग्न केलं नव्हतं. दाराबाहेर सासरे मेजपट्टी घेऊन उभे नसले की मुठीचा सखोल विचार कुणालाही जमतो.

दुसरी मूठ ७२ची मिळाली. मागवायच्या आधी अण्णांनी स्वतः मापलं, तीन वेळा, आणि या वेळी मी तोंड उघडलं नाही. बसवताना कळलं, जुन्या स्क्रूंची भोकं सैल झालीत. स्क्रू नुसता फिरत राहतो, पकड घेत नाही. त्यावर उपाय काडीपेटीच्या काड्यांचा. गुल तोडायचं, काडीला लाकडाचा गोंद लावायचा, भोकात ठोकायची, वरचं टोक कापायचं, गोंद वाळला की स्क्रू आवळायचा. घट्ट बसतो. हे मला येतं. पण अण्णा शेजारी स्टूल टाकून बसले होते आणि प्रत्येक भोकात किती काड्या गेल्या ते मोजत होते. वरच्या डाव्या भोकात तीन, उजव्यात दोन. "असं का?" दोन भोकं एकाच वेळी, एकाच ड्रिलने पाडलेली असताना एक जास्त सैल का झालं, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यांचं समाधान होईना म्हणून उजव्यातही तिसरी काडी घातली. ती आत जाईना, हातोडीने ठोकली, तर पट्टीखालच्या लाकडाची कपची उडाली. कपचीही अण्णांनी उचलून जपून ठेवलीय. लागली तर असावी.

मूठ बसली. दाबली की खाली जाते, सोडली की टप्पकन वर येते. इतकी टप्पकन, की दोन दिवस घरातल्या प्रत्येकाने सवयीने आधी ती वर उचलली आणि बोटाला फटका खाल्ला. जुन्या पट्टीची सावली मात्र दारावर राहिलीय, लांबटशी, फिकट. नवी पट्टी बोटभर आखूड निघाली. रंग लावायला हवा. बायको परवा म्हणालीच, लावायला हवा. आम्ही सगळ्यांनी माना डोलवल्या.

अण्णा परत गेले. जुनी सळई बरोबर नेली, माझी परवानगी घेऊन. रोज रात्री फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "मूठ कशी आहे?" मी कसा आहे ते दुसऱ्या नंबरावर, कधीकधी राहूनही जातं.

आणि साबणाच्या कोनाड्यात मी एलन की ठेवलीय, शेजारी एक पक्कड. बायको आंघोळीला गेली आणि आतून हसत सुटली. मी बाहेरून विचारलं, काय झालं? तर म्हणते, "काही नाही, चारही बाजू मोजतेय."