ड्रॅगनला पगार किती?

"बाकी सगळं मान्य, पण पगार किती?"

वकीलबाईंनी एवढंच विचारलं आणि विषयाला असे काही फाटे फुटले की समोरच्या गिरणीवाल्याने शटर ओढलं तरी आम्ही आपले ओट्यावरच.

विषय होता 'मिस कोबायाशीज ड्रॅगन मेड'. 2017 साली आलेली जपानी अॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, पहिला सीझन 13 भागांचा. बंड्याने आमच्या कानीकपाळी ओरडून सगळ्यांना ती बघायला लावली होती. मास्तर तेवढे राहिले होते, म्हणून त्यांना गोष्ट सांगण्यापासून सुरुवात झाली. कोबायाशी नावाची एक बाई ऑफिसात प्रोग्रॅमिंग करते. एकटी राहते, पाठदुखीने बेजार. एका रात्री पिऊन तर्र होऊन डोंगरात भटकते आणि तिथे तिला ड्रॅगन भेटते, अंगात तलवार रुतलेली. ही ती तलवार उपसून काढते, मग दोघी पीत बसतात आणि नशेत कोबायाशी बोलून जाते की जायला जागा नसेल तर माझ्याकडे ये. सकाळी हिला काही म्हणता काही आठवत नाही. दार उघडते तर बाहेर हे एवढं ड्रॅगनचं तोंड! बघता बघता त्याची मुलगी होते. डोक्यावर शिंगं, मागे शेपूट, अंगात झालरीवाला मोलकरणीचा पोशाख. नाव तोरू. घरकाम करायला आले म्हणते.

"येतं का तिला घरकाम?" मास्तर.

"कपडे तोंडात घालून धुते," बंड्या म्हणाला. "आणि स्वतःच्या शेपटीचा तुकडा भाजून ताटात वाढते. कोबायाशी हात लावत नाही, ही पुन्हा वाढते."

मास्तरांनी हातातली भजी खाली ठेवली.

बंड्याचं म्हणणं असं, की मैत्रीतून घर कसं उभं राहतं हे इतक्या हसतखेळत दुसऱ्या कुठल्याच अॅनिमेने दाखवलेलं नाही. तोरूच्या मागोमाग कान्ना येते, चिमुरडी ड्रॅगन, खोड्या केल्या म्हणून तिच्या जगातून हाकललेली. ती शेपटीचं टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसते आणि चार्ज होते. मग फाफनीर नावाचा ड्रॅगन येतो, तो कोबायाशीच्या ऑफिसातल्या ताकियाकडे राहायला जातो आणि दोघं रात्र रात्र गेम खेळतात. एल्मा नावाची ड्रॅगन तर थेट कोबायाशीच्याच ऑफिसात नोकरीला लागते. फाफनीर नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातल्या पुराणातला, कान्ना ऐनू या जपानच्या मूळ रहिवाशांच्या देवतेच्या नावाची, अशी ही वरात. "कोणाचं कोणाशी रक्ताचं नातं नाही, तरी संध्याकाळी सगळे एका टेबलाशी," बंड्याचा गळा दाटून आला. त्याचीही पाठ दुखते, तोही प्रोग्रॅमर, त्यामुळे तो या बाबतीत निःपक्षपाती नाही हे नोंदवून ठेवतो.

आणि इथे वकीलबाई पगारावर आल्या.

"एक बाई नोकरी करते, दुसरी तिच्या घरी राबते. दुसरीला राहायला जागा आणि जेवण. याला तू कुटुंब म्हणतोस. माझ्याकडे अशी कुटुंबं रोज येतात, तारीख घेऊन जातात."

"अगं, ती ड्रॅगन आहे! मनात आणलं तर शहर जाळेल. तिला कोण राबवणार?"

"अंगात ताकद आहे म्हणून राबवून घेतलं जात नाही, हे कोणी सांगितलं तुला? ताकदवान बायकाच जास्त राबतात."

बंड्या गप्प. मला बाईंचं पटलं, पण अर्धंच. कारण मालिकेत तोरूला घरकाम कोणी लावलेलं नाही. कोबायाशी पहिल्या दिवशी चक्क नको म्हणते. मग ऑफिसला उशीर होतो, नाइलाजाने तोरूच्या पाठीवर बसून उडत जावं लागतं, आणि तिथून पुढे ती तिला ठेवून घेते. यात प्रेमबिम कुठे नाही. नशेत का होईना आपण शब्द दिला होता, आणि समोरची तो खरा मानून दारात आली आहे, एवढंच आहे. मला ही मालिका मैत्रीपेक्षा दिलेला शब्द निस्तरण्याची वाटते. कोबायाशी फारशी मायाळू नाही. कंटाळलेली, तुटक बोलणारी बाई आहे. पण एकेक गोष्ट अंगावर येते तशी ती निभावत जाते, आणि निभावता निभावता तिघींचं घर होऊन बसतं. जागा पुरेना तेव्हा भावनिक भाषण न ठोकता मोठ्या घरात बिऱ्हाड हलवते.

मास्तरांना कान्नाच्या शाळेत रस. पोरगी खिडकीतून शाळेत जाणारी मुलं बघते, मग तिला शाळेत घालायचं ठरतं, खरेदी निघते. दप्तर, वह्या, गणवेश. "आणि दाखला?" मास्तरांनी लगेच विचारलं. "जन्मतारीख काय लावली?" पस्तीस वर्षं प्रवेश दिलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! पण क्रीडादिनाचा भाग ऐकला तेव्हा ते सरसावून बसले. कान्नाला हवं असतं की घरच्यांनी बघायला यावं. कोबायाशी आधी सांगते, काम आहे, जमणार नाही. कान्ना रडत नाही, हट्ट धरून बसत नाही, नुसती हिरमुसते. मग कोबायाशी रात्री जागून काम उरकते आणि मैदानावर हजर होते.

"हे बघा," मास्तर म्हणाले, "स्नेहसंमेलनाला कोण येतं यावरून मला मुलाचं घर कळायचं. फॉर्मवर पालक म्हणून सही कोणाची आहे, यावरून नाही."

वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टात सहीच चालते, मास्तर."

यावर बंड्याने जे काढलं ते मात्र बाईंनाही नवं होतं. ही मालिका क्योतो अॅनिमेशनची. हा स्टुडिओ 1981 साली योको हात्ता या बाईंनी सुरू केला. त्या आधी एका स्टुडिओत सेल, म्हणजे अॅनिमेशनची पारदर्शक पानावरची चित्रं, रंगवायच्या. लग्नानंतर क्योतोजवळ आल्या आणि शेजारच्या गृहिणींना हाताशी धरून तेच काम घरगुती पातळीवर करू लागल्या. जपानात बहुतेक ठिकाणी चित्रकाराला चित्रामागे पैसे मिळतात, तेही तुटपुंजे. या स्टुडिओचं नाव झालं ते माणसं पगारावर ठेवण्यासाठी. "म्हणजे तुझ्या ड्रॅगनचा पगार माहीत नाही," बाई म्हणाल्या, "पण तिचं चित्र काढणाऱ्याला पगार होता. चला, निम्मी केस मिटली."

मग 18 जुलै 2019 ची गोष्ट निघालीच. त्या दिवशी एका माणसाने स्टुडिओला आग लावली, 36 जण गेले. पहिल्या सीझनचे दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो त्यात होते. दुसरा सीझन 2021 मध्ये आला, तो तात्सुया इशिहारा यांनी केला, आणि ताकेमोतोंचं नाव मालिका दिग्दर्शक म्हणून तसंच ठेवलं. मालिका मात्र आधीसारखीच खिदळत राहिली. मला ते बरोबर वाटतं. सुतकी चेहऱ्याची कान्ना कोणाला बघवली असती?

सगळंच गोड आहे असं नाही. लुकोआ नावाची ड्रॅगन एका शाळकरी पोराच्या घरी राहते आणि तिच्या अंगचटीला येण्यावर जे विनोद केलेत ते किळसवाणे आहेत. याची बाजू घ्यायला बंड्यासुद्धा पुढे आला नाही. "ते पुढे ढकलत जा," एवढंच म्हणाला.

खरी जुंपली ती तेराव्या भागावरून. तोरूचा बाप येतो, मोठा प्रलयंकर ड्रॅगन, आणि लेकीला घेऊन जातो. घरात पसारा साठतो, जेवणाची आबाळ होते. तोरू परतते, मागोमाग बाप. आणि ही पाठदुखीवाली बाई त्या डोंगराएवढ्या बापासमोर उभी राहून तोरूवर हक्क सांगते.

"हक्क कसला? मालकीचा?" बाई सरसावल्या.

"आपल्या माणसावर असतो तो," बंड्या.

"मग बापाचा का नाही?"

"बापाने तिला विचारलंच नाही ना, तुला काय हवंय!"

"कोबायाशीने कधी विचारलं?"

आता मी मध्ये पडलो. म्हटलं, तोरू स्वतःच्या पंखांनी परत आली, बाप मागून आला. साक्षीदार तीच, तिची साक्ष झाली. बाईंनी क्षणभर विचार केला. "ग्राह्य धरते," म्हणाल्या, "पण पगाराचा मुद्दा खुला ठेवते."

"शेवटी कोबायाशी दोघींना घेऊन आपल्या आईबापाच्या घरी जाते," बंड्याने हुकमी पान टाकलं.

"काय म्हणून ओळख करून दिली?" मास्तर आणि बाई एकदमच म्हणाले.

बंड्या उठला. "उद्या घरी या, लावतो. चहाचे पैसे मास्तर देतील."