वाद्य शिका, पण मार्कांसाठी नको

"मुलाला वाद्य शिकवा, बुद्ध्यांक वाढतो, गणित सुधारतं" हा फॉरवर्ड परत एकदा आला आणि आज लिहायचंच ठरवलं. मला वाद्य शिकण्याबद्दल मनापासून प्रेम आहे, म्हणूनच त्याची अशी भलत्या कारणासाठी जाहिरात झालेली बघवत नाही.

हे खूळ सुरू कुठून झालं तर १९९३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकामधे एक छोटासा प्रयोग छापून आला. कॉलेजच्या ३६ मुलांना मोझार्टचा सोनाटा दहा मिनिटं ऐकवला, तर कागदाच्या घड्या वगैरेंच्या कोड्यांमधे त्यांचे मार्क जरा वाढले, आणि तो परिणाम पंधराएक मिनिटांत ओसरला सुद्धा. म्हणजे मुलं मोठी, आणि वाजवलं कोणीच नाही, फक्त ऐकलं! तरी लोकांपर्यंत पोचेस्तोवर त्याचं "बाळाला ऐकवा, हुशार होईल" झालं, इतकं की १९९८ मधे अमेरिकेत जॉर्जियाच्या गव्हर्नरने नवजात बाळांना संगीत वाटायला बजेटमधे पैसे मागितले.

प्रत्यक्ष शिकण्यावरही अभ्यास झालेत. २००४ मधे सहा वर्षांच्या १४४ मुलांवरच्या एका अभ्यासात संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जास्त वाढला, पण फरक जेमतेम तीन पॉइंटांचा. पुढे २०२० मधे असे पन्नासहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले तर जिथे संगीत न शिकणाऱ्या दुसऱ्या गटालाही तेवढंच गुंतवणारं काहीतरी शिकवलं होतं तिथे फायदा जवळजवळ शून्य.

मग शिकायचं कशाला? तर मेंदू बदलतो, नक्की बदलतो, पण तुम्ही त्याच्याकडून जे करून घेता त्याच बाबतीत. १९९५ मधे व्हायोलिन-चेलो वाजवणाऱ्यांचे मेंदू तपासले तेव्हा डाव्या हाताच्या बोटांसाठीची मेंदूतली जागा इतरांपेक्षा मोठी दिसली, आणि लहानपणी सुरू केलेल्यांत अजून जास्त. उजव्या हाताच्या, म्हणजे नुसता बो (गज) धरणाऱ्या हाताच्या बाबतीत तसा फरक नाही! मला हे फार सुंदर वाटतं.

आता बघा वाद्य तुमच्याकडून काय करून घेतं. दोन हात दोन वेगळी कामं करतात, डोळा पुढच्या ओळीवर, कान आत्ता वाजलेल्या सुरावर, आतमधे लय चालू, आणि एक सूर चुकला तरी थांबायचं नाही, पुढची सम गाठायचीच. चूक लगेच ऐकू येते, कोणी सांगावी लागत नाही, आणि तिच्यावर रडत बसायला वेळही नसतो. मोठ्या माणसांनी याची सवय शेवटची कधी केली होती सांगा? आणि हो, अवघड जागा निम्म्या लयीत घ्यायची, दोनच सूर, परत तेच दोन सूर, आणि तरी संध्याकाळी न बसलेली जागा दुसऱ्या दिवशी सकाळी अचानक बरी येते, कारण हाताचं शिकणं झोपेत पक्कं होतं. नुसत्या घाईने काही होत नाही हे मला रियाजाने शिकवलं, दुसऱ्या कशानेच नाही.

माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक ऐकण्यात पडला. आधी गाणं म्हणजे शब्द आणि चाल, बास. आता मागचा तंबोरा ऐकू येतो, ठेका कुठे सरकला ते कळतं, वाजवणाऱ्याने कुठे श्वास घेतला ते कळतं.

म्हातारपणी स्मृतिभ्रंश टळतो असंही म्हणतात. पंच्याहत्तरीपुढच्या लोकांवरचा २००३ चा एक अभ्यास आहे, वाद्य वाजवणाऱ्यांत तो कमी दिसला, पण वाद्यामुळेच कमी झाला असं त्यावरून ठरत नाही, म्हणून मी त्या नावाने कोणाला शिकायला लावणार नाही.

पालकांना एवढंच सांगेन, वाद्य मुलाला निवडू द्या, परीक्षांची घाई नको, आणि घरी वाजवत असेल तेव्हा जवळ बसून ऐका. आणि ज्यांना वाटतं आता वय गेलं, त्यांनी तर नक्की सुरू करा, रोज वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.