बरणीतले कुळीथ आणि खोक्यातले बदाम

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. गणपती आटोपून मुंबई-पुण्याला परत निघणाऱ्यांच्या पिशवीत घरातून काय घालायचं? धाकट्या वहिनीच्या बचत गटाने सुचवलं की यंदा कडधान्यांची मिश्र पुडी करू. कुळीथ, चवळी, मूग, काळे वाटाणे, वाल, आणि आत मसाल्याची नि आमसुलांची वेगळी पुरचुंडी. घरी जाऊन रात्री भिजत घातलं की दुसऱ्या दिवशी गरमागरम कढण तयार. काकांनी ते एका फटक्यात निकालात काढलं. "कुळीथ ही काय कोणाक देवची वस्तू आसा? आजारी माणसाक पिठी करून घालतत, पावण्यांक नाय." त्यांचं म्हणणं, द्यायचे तर काजू द्या, नाहीतर बाजारातून सुक्या मेव्याचं खोकं आणा. चार लोकांत बरं दिसतं. पुतणे-पुतण्या काकांच्याच बाजूने, पण कारण वेगळं: शिजवत कोण बसणार?

या भांडणाला तेल घातलं मी. डिसेंबरात मला इथे मिळालेल्या एका भेटीचा फोटो टाकला होता, तो वहिनीने पुरावा म्हणून पुढे केला.

मी राहते कॅलिफोर्नियात, मोडेस्टोच्या आसपास. नाताळच्या आठवड्यात शेजारच्या बाईंनी दारात येऊन काचेची एक बरणी हातात दिली. आत सूप करायच्या सुक्या कडधान्यांचे थर. तळाला पांढरे बारीक घेवडे, त्यावर हिरवी वाटाण्याची डाळ, मग काळे घेवडे, मग केशरी मसूर, परत पांढरे. झाकणाखाली मसाल्याची छोटी पिशवी खोचलेली, झाकणावर चौकड्याचं कापड, त्याला सुतळी, आणि सुतळीला जाड कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर हाताने लिहिलं होतं: निवडून, धुऊन, रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात इतका वेळ शिजवा, टोमॅटो अगदी शेवटी. खाली बरणी भरल्याची तारीख. त्यांनी गल्लीत सगळ्यांना हेच दिलं होतं आणि देताना 'काही विशेष नाही हं' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. फिरकीच्या झाकणाच्या या बरण्यांचं पेटंट जॉन मेसन नावाच्या माणसाने १८५८ साली घेतलं. लोणची, मुरंबे, टोमॅटो, सगळं तिच्यात. त्या बरणीत भरलेली घरची वस्तू भेट द्यायला इथे कुणाला कमीपणा वाटत नाही.

आता काकांच्या खोक्याकडे येऊ. माझ्या घरापासून गाडीने कुठल्याही दिशेला निघा, बदामाच्या बागा लागतात. फेब्रुवारीत मैलोनमैल पांढरा मोहोर. जगातल्या बदामांपैकी सुमारे चार पंचमांश या एका राज्यात पिकतात आणि परदेशातलं त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे भारत. म्हणजे काकांना जे खोकं प्रतिष्ठेचं वाटतं, त्यातले बदाम बहुधा माझ्या अंगणाजवळून निघतात, जहाजाने मुंबईच्या बंदरात उतरतात, तिथे सोनेरी कागदात बसतात, मग कोकण रेल्वेने आमच्या घरी जातात. आणि गणपतीनंतर चाकरमान्याबरोबर परत मुंबईला! वहिनीच्या परसामागच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, झालेले कुळीथ मात्र डब्यातून बाहेर निघायला लाजतात.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा एका पुतण्याने अंगठा दाखवला आणि काका दोन दिवस बोलले नाहीत.

पण परदेशात राहणाऱ्या माणसाला एक खोड लागते, इथलं पाहिलं की लगेच 'बघा, हे लोक कसे' म्हणायची. ती बाजूला ठेवून सांगायचं तर या बरण्यांतलं निम्मं काम शोभेचं असतं. थर छान दिसावेत म्हणून निवडलेली धान्यं एका भांड्यात एकाच वेळी शिजतील असं नाही. मसूर विरघळून जातो तेव्हा मोठा घेवडा अजून टणक असतो. कित्येक बरण्या ओट्यावरच्या फळीवर शोभेला राहतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी कुणाला आठवण झालीच तर ते दाणे कितीही उकळा, मऊ होत नाहीत. जुनं कडधान्य उष्ण, दमट हवेत राहिलं की असंच निबर होतं.

शिवाय राजमा. थरांत लाल रंग हवा म्हणून तो हमखास घालतात, आणि इथे पुष्कळ घरांत कुकर नाही, मंद आचेचं विजेचं भांडं असतं. सकाळी लावून कामाला जायचं, संध्याकाळी तयार. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते नीट उकळल्याशिवाय मरत नाही. इथल्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा: निदान पाच तास भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळा. मंद भांड्यात तेवढी उष्णता होत नाही, आणि अर्धकच्चा राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो, उलट्यांनी माणूस हैराण होतो. शेजारच्या बाईंनी राजमा घातलाच नव्हता, म्हणून त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला. आपल्याकडे कुकर असल्यामुळे ही भीती फारशी नाही, पण वहिनी, रंगासाठी राजमा नको. तो आपला नाहीही.

मुळात कोकणाला हे सुकं सूप कुणी शिकवायला नको. कुळीथ भाजायचे, भरडून सालं पाखडायची, बारीक दळायचे, की झाली पिठी. लसणीची फोडणी, पाणी, पिठी, दोन आमसुलं, हवं तर वरून खोबरं. दहा मिनिटांत भातावर ओतायला तयार. मुंबईच्या खोलीवर एकटा राहणाऱ्या गिरणी कामगाराला गावाहून ही पिठी जायची आणि त्यावर पावसाळे निघायचे. पाकीट फाडा, पाण्यात कालवा, उकळा, हे बाजारात यायच्या कितीतरी आधीची ही सोय. फरक इतकाच की पिठी कुणी 'भेट' म्हणून दिली नाही. ती डब्यात, फडक्यात बांधून, काजू-कोकमाच्या खाली दडपून जायची.

म्हणून वहिनीच्या बाजूने मी आहे, तिच्या पुडीच्या बाजूने पूर्ण नाही. एक तर वाल काढ. रायगडात, अलिबागेकडे वालाचं बिरडं म्हणजे जीव की प्राण, पण कडव्या वालाला भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्या कराव्या लागतात. सालासकट तो मिश्रणात गेला तर सगळं कढण कडू. वाल द्यायचाच तर सोललेल्या, वाळवलेल्या डाळिंब्या वेगळ्या दे. मूगही काढ, ते काळ्या वाटाण्यांबरोबर पिठलं होऊन बसतात. कुळीथ, चवळी आणि काळे वाटाणे यांचं जमतं. रात्रभर भिजले की एका कुकरात तिघे नांदतात. आमसुलं वेगळ्या पुरचुंडीत ठेवायची कल्पना उत्तम, फक्त 'दाणा बोटाने चेपला जाईल तेव्हाच घाला' हे मोठ्या अक्षरात लिही. आंबट आधी पडलं की कडधान्य शिजायचं थांबतं. शेजारच्या बाईंची टोमॅटोची ताकीद याचसाठी. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेही चिठ्ठीवर एका ओळीत येऊ दे, काकांना आवडेल. तिरफळं मात्र नकोत. ती बांगड्याच्या कालवणाची, तिथेच राहोत.

आणि गणपती ही वेळच चुकीची. कुळीथ निघतात फेब्रुवारी-मार्चात. गणपतीपर्यंत त्यांच्यावरून अख्खा पावसाळा गेलेला असतो, आणि आपल्या पावसाळ्यात माणसाला बुरशी येते तिथे कडधान्याची काय कथा. भुंगा लागलेली पुडी एकदा कुणाच्या घरी उघडली की पुढच्या वर्षी काकाच जिंकले समजा. एप्रिलच्या कडक उन्हात वाळवा, चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे आतली अंडी मरतात, बाहेर काढून पूर्ण सुकलं की हवाबंद भरा, आणि मे महिन्यात आंब्याला येणाऱ्यांना द्या. गणपतीला पिठी ताजी दळून द्या. काचेची बरणी अजिबात नको. एसटीच्या टपावरून आणि दादरच्या गर्दीतून ती धड पोचणार नाही.

इथलं घ्यायचं असेल तर ती चिठ्ठी घ्या. पुतण्यांचा 'शिजवणार कोण' हा प्रश्न आळशीपणाचा नाही. ठाण्यात वाढलेल्या मुलीला कुळथाला किती पाणी लागतं हे कुणी सांगितलेलंच नाही, आणि आपल्या बायका पुडी देताना म्हणतात, 'कर गो, काय कठीण नाय त्यात'. त्या पुडीचं पुढे काय होतं? ओट्याखालच्या डब्यात जाते आणि पुढच्या साफसफाईत कचऱ्यात. पाच ओळी लिहून द्या: किती भिजवायचं, किती पाणी, किती शिट्ट्या, आमसूल कधी, भरल्याची तारीख. गटाला हीच पुडी उद्या विकायची असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आणि वेष्टनावरची माहिती लागतेच, घरगुती धंदा असला तरी. आत्तापासून सवय झालेली बरी.

काका अखेर बोलले ते असं: "आदी गुरा आवरा, मगे कुळीथ वाटा." इथे मात्र माझ्याकडे तयार उत्तर नाही. भात कापून झालं की उरल्या ओलाव्यावर कुळीथ पेरायचे, ना पाणी, ना खत. इतकं कमी मागणारं पीक दुसरं नाही. पण सगळ्यांनी पेरलं तर सगळे राखतात. चार घरांनी पेरलं तर गावची मोकाट गुरं त्याच चार कुणग्यांत शिरतात, आणि गुरांतून वाचलं ते माकडं नेतात. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राने डाळींच्या स्वयंपूर्णतेसाठी सहा वर्षांची, ११,४४० कोटींची मोहीम मंजूर केली, तिचा भर तूर, उडीद आणि मसुरावर आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कुळथाचं सुधारित वाण काढलंय, चवळीचं काढलंय, वालाचं काढलंय. पण वाण चांगलं म्हणून माकड काही ते सोडत नाही.

मोडेस्टोत बसून मी ग्रामसभेला गुरं बांधायला सांगणं म्हणजे आगाऊपणा. पण कुणी पेरत का नाही, याचं निम्मं कारण माकडात आहे आणि निम्मं काकांच्या त्या पहिल्या वाक्यात. जे पावण्यांना द्यायच्या लायकीचं नाही, त्याची राखण करायला पहाटे उठून कोण जाईल? काजूच्या बागेला कुंपण घालायला आमच्याच घराने पैसे काढले होते, कारण काजू देण्याघेण्यात चालतो.

वहिनीला मी कळवलंय की मे महिन्यातल्या पहिल्या पुड्यांपैकी दहा माझ्या नावावर लिही, पैसे काजूच्या पुडीइतकेच घे, आणि त्या मुंबईतल्या माझ्या मैत्रिणींना पोचव. इथे मागवता यायच्या नाहीत. प्रवासाच्या सामानातून धान्य आणलं की विमानतळावर जाहीर करावं लागतं आणि साठवणीतलं धान्य फस्त करणाऱ्या खाप्रा भुंग्याच्या धास्तीने पुष्कळ धान्यं तिथले अधिकारी ठेवूनच घेतात. माझ्यापुरते कुळीथ इथल्या भारतीय दुकानात मिळतात. पुढच्या डिसेंबरात शेजारच्या बाईंना त्याच कुळथांची पिठी करून देणार आहे, चिठ्ठीसकट. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.