परक्या देवाचं बारसं कसं करावं

दुसऱ्याचा मुलूख घशात घातलात? छान. आता तिथल्या देवांचं काय करायचं, ते ऐका.

तोडफोड नको. रोमनांनी ती करून पाहिली आहे. इ.स. ६०-६१ मध्ये ब्रिटनच्या मोना बेटावर (आजचं अँगलसी) त्यांचं सैन्य ड्रुइडांच्या, म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या, देवराया तोडत होतं, आणि तेवढ्यात पाठीमागे तिथल्याच बंडखोर बूडिका राणीने कोल्चेस्टरमधलं क्लॉडियस सम्राटाचं कोरं देऊळ जाळलं. म्हणजे कुऱ्हाडींचा खर्च वेगळा, देवळाचा वेगळा.

त्यापेक्षा बारसं घाला. ज्या देवाचं काय करावं सुचत नाही, त्याला सरळ मार्स म्हणा. मार्स युद्धाचा देव, पण जर्मनीत ट्रियरला तो ‘लेनस मार्स’ होऊन लोकांची दुखणी बरी करायचा. बदली झाली की खातंही बदलतं, एवढंच.

इंग्लंडमधल्या बाथला ४६ अंशांच्या गरम झऱ्यापाशी सुलिस नावाची देवी होती. तिला मिनर्व्हा जोडा. विद्येच्या आणि कारागिरीच्या देवीचा कढत पाण्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्याला प्रसाद देऊन वाटेला लावा. देवळाच्या दर्शनी भागावर गॉर्गनचं मुंडकं कोरा. गॉर्गन म्हणजे ग्रीक कथांमधली सापांच्या केसांची राक्षसीण, बाई असते, पण गवंड्याने मिशा काढल्याच तर बोलू नका. बाथला त्या अजून आहेत, झुपकेदार.

पुजारी मात्र रोमनच नेमा. मेमोर नावाच्या अशा एका माणसाच्या चौथऱ्यावर त्याचा हुद्दा नुसता ‘हार’ असा, नीट मधोमध कोरला होता. बहुधा कुणाला अर्थबोध होईना, म्हणून पुढे ‘उस्प’ ठोकलं. झालं हारुस्पेक्स, म्हणजे बळीचं काळीज-आतडी बघून भविष्य सांगणारा. ओळ कायमची तिरपागडी झाली, पण हुद्दा कळला.

एवढं जमलं की निवांत बसा. भक्त येतील, शिशाच्या पातळ पत्र्यावर गाऱ्हाणं खरडतील, गुंडाळून झऱ्यात टाकतील. असे सुमारे १३० पत्रे सापडलेत. डोसिमेडिसचे दोन हातमोजे गेले, तर चोराचं डोकं फिरावं आणि डोळे जावेत, ही मागणी. डोसिलियानसचा टोपीवाला झगा चोरीला गेला. चोर बाई असो वा पुरुष, गुलाम असो वा स्वतंत्र, झगा देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू नये, पोरंबाळं होऊ नयेत. सगळं तुमच्या लॅटिनमध्ये, बरं का!

डोसिलियानसचं गाऱ्हाणं परमपवित्र देवी सुलिसच्या नावे आहे. मिनर्व्हाचं नाव त्यात घातलेलं नाही.