मिसेस बेनेटला हसू नका हो

आमच्या वाचनाच्या ग्रुपवर सकाळी कुणीतरी टाकलं की 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली मिसेस बेनेट, पाच पोरींच्या लग्नाचा ध्यास घेतलेली आई, म्हणजे नुसता डोक्याला ताप, आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग. कॉलेजात मीही अशीच खिदळले होते, म्हणून जास्तच डोकं फिरलं.

सध्या तीच कादंबरी टिपांच्या आवृत्तीत परत वाचतेय. डावीकडे जेन ऑस्टिन, उजवीकडे टिपा. आधी वैताग आला, अहो चार घोड्यांच्या गाडीतून आला म्हणजे पैसेवाला हे कळतं आम्हाला! पण मग 'एन्टेल'ची टीप आली, जो भाग मी तेव्हा सरळ उडवला होता. मिस्टर बेनेटचं वर्षाचं उत्पन्न २००० पौंड, पण एन्टेल म्हणजे इस्टेट पुरुष वारसाकडेच जायची अट, म्हणजे नवऱ्याने डोळे मिटले की घर त्या कॉलिन्सचं, लांबच्या नातेवाइकाचं, आणि ही बाई पाच पोरींना घेऊन रस्त्यावर. त्या पोरींतल्या एलिझाबेथच्या वाट्याला काय, तर चार टक्क्यांवर ठेवलेले १००० पौंड, तेही आई गेल्यावर. वर्षाला ४० पौंड!! आणि हे कॉलिन्स तिला मागणी घालताना ऐकवतो, मेला.

मला आईची वही आठवली. दोनशे पानी, खाकी कव्हरची. आम्ही तिघी बहिणी, राहायला बाबांच्या कंपनीचं क्वार्टर. आई त्यात स्थळं लिहायची, नाव, शिक्षण, पगार आणि शेवटचा रकाना, 'घर स्वतःचं?' त्या रकान्यावरून आम्ही तिच्या किती नकला केल्या, बाबा पेपरमागून हसायचे. बाबा रिटायर झाले की क्वार्टर सोडायचंय हे आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तिच्या एकटीच्या होतं.

आणि तो मिस्टर बेनेट! म्हणे कित्ती विटी. डोंबलाचा विटी. मुलगा होईल, तो सज्ञान झाला की एन्टेल मोडू, या भरवशावर पठ्ठ्याने दमडी बाजूला टाकली नाही, आणि मग लायब्ररीत बसून बायकोची टिंगल. पेपर काय आणि लायब्ररी काय.

हां, बाई उथळ आहे, मान्य. पाऊस येईलसं दिसत असताना थोरल्या लेकीला, जेनला, श्रीमंत स्थळाच्या घरी घोड्यावर धाडते, का तर तिकडे मुक्काम पडावा. आमच्या आईनेही एका ठिकाणी माझी उंची दोन इंच वाढवून सांगितली होती, ते लोक घरी आल्यावर काय झालं ते विचारू नका.

मघाशी तिला फोन केला, म्हटलं आई ती वही आहे का गं अजून?

"रद्दीत गेली कधीच. का, तुझ्या लेकीसाठी बघायला लागलीस की काय?"