आम्ही काय, जाणारच आहोत

पुण्यात राहून परदेशी जायचा विचार करणं ही साधना आहे, तेव्हा घाई नको. घाई करणारे खरोखर जातात आणि सगळी मजा घालवून बसतात. तुम्हाला जायचं नाहीये, जायचा विचार करायचाय. एवढा फरक ध्यानात ठेवलात तर पुढची दहा-बारा वर्षं सुखात जातील. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ या विषयातले अधिकारी आहेत. खालचं बरंचसं ज्ञान त्यांच्याकडूनच मिळालंय. बाकीचं फुकट मिळालं, गेल्या रविवारच्या धड्याचे मात्र पैसे पडले. ते पुढे सांगतो.

सुरुवात कॅनडापासून करावी. २०१५च्या जानेवारीत त्यांची एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे गुण मोजून कायमचं राहायला बोलावायची पद्धत, सुरू झाली, त्याच वर्षी आमच्या गृहस्थांचा विचारही सुरू झाला. नाव एक्स्प्रेस असलं तरी आपण पॅसेंजरनेच जायचं. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून आपले गुण मोजावेत. वयाचे पूर्ण गुण २९पर्यंत मिळतात, तिशी लागली की दरवर्षी कमी होत जातात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी भोपळा. आमचे गृहस्थ तेव्हा चौतीस वर्षांचे होते. बाकी हिशेब तुम्हीच करा, त्यांनी अजून केलेला नाही.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा अवश्य द्या. निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे दोन वर्षं काहीही न करता पुन्हा द्यायची सोय आहे.

घरात कुठलीही नवी वस्तू आणू नका, 'नेणार कशी?' विचारायचं. गृहस्थांच्या सौभाग्यवतींना ओव्हन हवा होता. कॅनडात व्होल्टेज वेगळं, म्हणून नाही घेतला. पुढे गृहस्थ जर्मनीवर आले. तिथे आपल्यासारखेच २३० व्होल्ट, त्यामुळे बाईंना जरा आशा वाटली. मग प्लगचा आकार निघाला.

देश बदलत राहावा हे ओघानं आलंच. २०२५च्या मार्चमध्ये कॅनडानं नोकरीच्या ऑफरचे जादा गुण काढून टाकले. गृहस्थांकडे कधीच ऑफर नव्हती, तरी महिनाभर ते फसवणूक झाल्यासारखे हिंडत होते. मग म्हणाले, जर्मनीच बरी. तिथलं चान्सनकार्ड जून २०२४पासून मिळतं, नोकरी हातात नसताना जाऊन वर्षभर शोधता येते. आता ते ए-वनचा, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पायरीचा, क्लास करतात. तिसऱ्यांदा. भेटले की 'गुटन मॉर्गन' म्हणतात, संध्याकाळीसुद्धा.

प्रत्येक वाक्य 'तिकडे'नं सुरू करा.

'तिकडे हॉर्न वाजवत नाहीत' हे नळ स्टॉपच्या सिग्नलला, हॉर्नवरचा हात न काढता म्हणावं.

आईवडिलांचा विषय निघाला की पाणी प्यायला उठावं.

आता मुख्य धडा. इथल्या कशाशीही संबंध ठेवू नका. मतदानाच्या दिवशी लोणावळा. नगरसेवक कोण, माहीत नाही, अभिमानानं माहीत नाही. आणि सोसायटीची मीटिंग असली तर जायचं, शेवटच्या रांगेत बसायचं, पैशांचा विषय निघाला की उठून म्हणायचं, "आम्ही काय, जाणारच आहोत. आमच्याकडून कशाला घेता?"

गेल्या रविवारी हेच झालं. आमची खालची टाकी गेली वर्षभर गळतेय. एप्रिलपासून दिवसाआड टँकर मागवतोय, पैकी निम्मं पाणी जमिनीत. चोवीस फ्लॅट, प्रत्येकी चौदा हजार, असा ठराव झाला. पेन्शनवर जगणाऱ्या तळमजल्यावरच्या आजींनी तिथल्या तिथे चेक फाडला. आणि हे उभे राहिले. आम्ही जाणार. सहा महिन्यांत. फार तर आठ. हे सहा महिने आम्ही गणपती, दिवाळी, संक्रांत, पुन्हा गणपती असे ऐकत आलोय! अहो, सहा महिन्यांत जाणार तर सहा महिने अंघोळ कुठल्या पाण्यानं करणार? त्यावर उत्तर काय, तर "तिकडे असं नसतं."

तिकडे कसं असतं ते मी सांगतो, माझी बहीण अठरा वर्षं श्टुटगार्टला आहे. तिकडेही सोसायटी असते. फ्लॅट तुमचा असला तर दर महिन्याला हाउसगेल्ड भरावं लागतं आणि त्यातच इमारतीच्या दुरुस्तीची पुंजी साठवली जाते. 'मी पुढच्या वर्षी पुण्याला जाणार' म्हणून कुणी ते माफ करत नाही. घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी द्यावीच लागते, घरटी महिना १८.३६ युरो. त्या भागात केहरवोखे म्हणून प्रकार आहे, आठवड्याच्या पाळीनं जिना झाडायचा. स्वतः. झाडू हातात धरून. कागद वेगळ्या डब्यात, ओला कचरा तपकिरी डब्यात, वेष्टनं पिवळ्यात. आणि आमचे भावी जर्मन इथे ओला-सुका मिळून दोन बादल्या वेगळ्या ठेवत नाहीत. कचरा न्यायला येणाऱ्या ताई त्यांच्या मुलाचे डायपर खरकट्या भातातून हातानं वेगळे काढतात. मी त्याबद्दल एकदा बोललो तर म्हणाले, "इथे कुठे काय होणार आहे?" काय होणार म्हणजे? तुम्ही कराल तर होईल ना!

आणि त्या चान्सनकार्डासाठी खात्यात पैसे दाखवावे लागतात. २०२५चा आकडा महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांवर युरो. ते हे दाखवणार. टाकीला चौदा हजार रुपये निघत नाहीत.

आमच्याच ए विंगमधली एक मुलगी गेली हो. नर्सिंग केलेली. पहाटे साडेसहाच्या बसनं जर्मनच्या क्लासला जायची, ड्यूटी करून रात्री नऊला परत. तीन वर्षांत तिच्या तोंडून 'तिकडे' ऐकलं नाही. जायच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन आली तेव्हा आम्हाला कळलं. घराचा मेंटेनन्स पुढच्या मार्चपर्यंतचा भरून गेली, कारण आई मागे एकटी आहे, उगाच तिला कुणी बोलायला नको.

तेव्हा बाबांनो, आता चेष्टा पुरे. जायचं असेल तर जा. कुणी अडवलंय? देश सोडणं पाप नाही, आमच्या निम्म्या बिल्डिंगची मुलं बाहेर आहेत, आम्ही स्वतः त्यांना विमानतळावर सोडून आलोय, मेतकुटाच्या पुड्या बॅगेत कोंबून. पण गेलेल्यांचा रुबाब आणि राहणाऱ्यांचं पाणी, दोन्ही एकदम मिळणार नाही. दहा वर्षं एका पायावर उभे राहिलात आणि तो पायही आमच्या टाकीत. बायकोला ओव्हन घेऊन द्या. आईला डॉक्टरकडे न्या, 'तिकडे गेल्यावर दाखवू' काय म्हणता, गुडघे तिचे आज दुखतायत. कचरा वेगळा करा, त्याला व्हिसा लागत नाही.

आणि हो, ते चौदा हजार सेक्रेटरींकडे देऊ नका. वॉटरप्रूफिंगवाला अॅडव्हान्सशिवाय हात लावेना, म्हणून तुमच्या वाटचे मी भरलेत. यूपीआय चालेल. मी बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, तुमच्या बरोब्बर खाली राहतो. तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या छतातून येतं, त्याचंही एकदा बोलायचंय.